ताण्याची राखण

माझ्या नवऱ्याला वाटतं, माझ्याबद्दल त्याला ठाऊक नाही असं काही उरलेलं नाही. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, तसं वाटणं साहजिक आहे. पण एक गोष्ट मी त्याला सांगितलेली नाही. आईला सांगितली नाही, बहिणीला नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर समोरासमोर बसूनही सांगितली नाही. तुम्हाला सांगते आहे. तुमचा माझा काही संबंध नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

मी रडूबाई नाही, हे आधी सांगून ठेवते. नांदेडला माझं शाळेचे गणवेश शिवायचं काम आहे. चौदा मशिनी, चौदा बाया. कुणाचं चुकलं तर तोंडावर सांगते, माझं चुकलं तर तेही सांगते — असं माझं नाव आहे. असं नाव कमावणं अवघड नसतं. छोट्या चुका पटकन कबूल करायच्या. मग मोठीबद्दल कुणी विचारत नाही.

गणवेशाची गर्दी ओसरली की वर्षातून एकदा मी बायांना कुठेतरी फिरायला नेते. गेल्या वर्षी कंधारचा किल्ला बघितला. डबे खाल्ले, परत निघालो, तर गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, मॅडम, इथं जवळच घोंगड्यांचं म्युझियम झालंय, बघता का? बायांनी एका सुरात हो म्हटलं. आम्ही जातीनं सनगर, माझे वडील घोंगड्या विणायचे हे त्यांना ठाऊक आहे, त्या मलाच खूश करायला निघाल्या होत्या. मी काय कारण देणार होते नको म्हणायला?

तिथं काचेच्या कपाटात काही नाही. विणकरांची एक अख्खी गल्ली उभी केली आहे आणि तिच्यात माणसं खरोखर काम करतात. एक जण लोकर पिंजत होता. तीन बाया सूत कातत होत्या. जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून एक म्हातारा मागावर बसला होता. आणि मधल्या मोकळ्या जागेत, उन्हात, लांबच्या लांब ताणा बांधलेला.

ताणा म्हणजे घोंगडीचे उभे धागे. मागावर चढवायच्या आधी ते दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून ताणून धरतात आणि त्यांना चिंचोक्याची खळ लावतात. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे आणि ती चिकट खळ कुंच्यानं धाग्यांवर ओढत न्यायची. वाळली की लोकर कडक होते, विणताना तुटत नाही. तो वास मला फाटकातच आला होता. चाळीस वर्षांनी आला. मला वाटलं होतं मी विसरले असेन.

माहिती सांगणारी मुलगी हातात माईक घेऊन म्हणाली, "खळ म्हणजे शेवटी पीठच ना. दुष्काळात शेळ्या ताणा चाटायच्या, चावायच्या. म्हणून घरातल्या पोरीला काठी देऊन राखणीला बसवायचे. चला, कोण बसतंय?"

"मॅडम बसतील!" माझ्या बायांतली शबाना ओरडली. "आम्हाला इतकी वर्षं राखून राहिल्या, त्यांना सवय हाय!"

सगळ्या हसल्या. मला ढकलत नेलं, एका दगडावर बसवलं, हातात काठी दिली. पलीकडे मुलांना दाखवायला म्हणून एक खरी शेळी बांधलेली होती. शबानानं फोटो काढला. आमच्या ग्रुपवर अजून आहे तो. फोटोत मी हसते आहे.

आता तुम्हाला ती गोष्ट सांगते. आधी आमच्या घरात ती जशी सांगितली जायची तशी.

आमचं गाव शिरूर अनंतपाळच्या अलीकडे. लातूर जिल्हा तेव्हा नवीन झाला होता. आधी कुठल्याही कागदाला उस्मानाबाद गाठावं लागायचं, आता लातूरहून साहेब लोक जीपनं आमच्या गावापर्यंत येऊ लागले होते. त्यांतल्या एकानं आबांच्या — माझ्या वडिलांच्या — घोंगड्या बघितल्या आणि म्हणाला, नव्या जिल्ह्याचं प्रदर्शन भरणार आहे, एक उत्तम घोंगडी तयार ठेवा. चांगली दिसली तर सरकारी काम मिळेल. आबा चार दिवस त्यावरच बोलत होते.

त्याच वर्षी पाऊस नव्हता. आदल्या वर्षीही नव्हता. विहिरींच्या तळाशी पोरं उतरून वाटीनं पाणी भरायची. धनगरांनी मेंढ्या विकल्या होत्या, उरल्या त्या चाऱ्यापाठी दूर गेल्या होत्या. लोकर मिळायची बंद झाली होती. आबांनी कोकरांच्या पहिल्या कातरणीची मऊ लोकर, जावळ म्हणतात तिला, दोन वर्षं राखून ठेवली होती. तिचंच सूत कातलं. तो ताणा गेला तर दुसरा होणार नव्हता, हे मलासुद्धा कळत होतं. मी तेव्हा सातवीत होते.

सूत कातलं गयाबाईनं. गल्लीच्या खालच्या टोकाला बौद्धांची घरं होती, त्यातलं शेवटचं तिचं. तिच्याइतकं बारीक आणि एकसारखं सूत आमच्या नात्यागोत्यातही कुणी काढत नव्हतं, हे आबाच सांगायचे. तिचं सूत आमच्या मागावर चालायचं. पाणी मात्र तिला वरून ओंजळीत मिळायचं. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं, हेही सांगते. तिची पोरगी पंचशीला माझ्या वर्गात होती. गणितं ती सोडवायची, मी उतरवून घ्यायची. माझ्या आईनं आम्हा दोघींना एकदमच ताणा खुंटीला बांधायची गाठ शिकवली होती. त्या गाठीचं एक शेपूट ओढलं की ती फटकन सुटते, आणि ते ओढलं नाही तर बैलानं हिसका दिला तरी सुटत नाही. पंचशीलाला ती एका दमात जमली. मला आठ दिवस लागले.

तर घरात सांगितली जाणारी गोष्ट अशी — सकाळी आई-आबांनी दारासमोर गल्लीत बांधलेल्या ताण्याला खळ लावली. आबा कुंच्यासाठी काथ्या आणायला गेले. पाण्याचा टँकर आल्याचा हॉर्न वाजला, आई घागरी घेऊन पळाली. मी राखणीला होते. माझा जरा डोळा लागला. तेवढ्यात गयाबाईची शेळी सुटून आली आणि तिनं ताणा चावून ठेवला. पोरीची जात, झोप लागली, तिचा काय दोष?

अशी गोष्ट. आबा गेले तरी आमचे नातेवाईक ती सांगतात. यातला ताणा खरा, टँकर खरा, दुष्काळ खरा.

मला झोप लागली नव्हती.

आमच्या दारात आमची शेळी होती, चांदी. तिच्या बरगड्या मोजता येत होत्या. खळीचा वास नाकात गेल्यापासून ती ओरडत होती — सलग, माणसासारखी. मला ते ऐकवेना. खळीच्या भांड्याला थोडी खळ चिकटून राहिली होती. मी चांदीला सोडलं आणि भांडं तिच्यापुढं ठेवलं. दया आली म्हणून. इथवर मी वाईट नव्हते. मग टँकरपाशी भांडणाचा आवाज वाढला. बाया एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, कुणाची तरी घागर फुटली, आणि मला ते बघायचं होतं. मी काठी टाकून पळाले. किती वेळ गेला माहीत नाही. मजा बघताना वेळ कळतो का?

परत आले तर चांदी ताण्यात उभी होती. मधल्या मधे तीन-चार जागी धागे तुटून लोंबत होते, उरलेल्यांचा गुंता झाला होता आणि ती शांतपणे चघळत होती.

मी तिला ओढून जागेवर बांधलं. परकरानं तिचं तोंड पुसलं. मग मी विचार केला. हेच मला सांगायचं आहे — मी विचार केला. घाबरून तोंडातून काहीतरी निघून गेलं, असं झालं नाही. आमच्या भिंतीमागं एक लिंब होता, तेवढीच सावली उरली होती. पंचशीला रोज सकाळी तिची शेळी तिथं बांधून मग आईबरोबर रोजगार हमीच्या खडीवर जायची. तांबडी शेळी, एक शिंग मोडलेलं. मी भिंतीमागं गेले. दावं आमच्याच गाठीनं बांधलेलं होतं, आईनं शिकवलेल्या. नीट, घट्ट, जशी असायला हवी तशी. मला ठाऊक होतं कुठलं शेपूट ओढायचं.

मी ते ओढलं.

शेळीला कान धरून गल्लीत आणलं. भांड्याच्या तळाची खळ बोटानं खरवडली आणि तिच्या तोंडाला फासली. ती चाटायला लागली. मग मी ओरडायला सुरुवात केली.

चुलत्याची शेळी शेजारच्याच दारात होती. ती का नाही सोडली मी? जवळ होती, सोपी होती. हा प्रश्न मी स्वतःला नंतर कधीतरी विचारला आणि उत्तर शोधायला वेळ लागला नाही. चुलत्याची शेळी म्हटलं असतं तर दहा प्रश्न आले असते. कुणी सोडली, कधी सोडली, तू कुठं होतीस. गयाबाईची म्हटलं की एकही येणार नव्हता. सातवीतल्या मुलीला हे कुणी शिकवलं होतं? कुणीच नाही, आणि सगळ्यांनी. पण वापरलं मी.

आबा आले. त्यांनी ताण्याकडं बघितलं, एकच शब्द बोलले, "कुणाची?" मी सांगितलं. दुसरा प्रश्न आला नाही.

संध्याकाळी गयाबाई खडीवरून आली. केसात, पापण्यांवर दगडाची भुकटी. आबा जे बोलले ते मी इथं लिहीत नाही. त्यातलं बरंचसं शेळीबद्दल नव्हतंच, माणसांबद्दल होतं. ती ऐकून घेत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "दादा, शेळी बांधलेली व्हती."

"मग सुटली कशी?"

"ते म्या काय सांगू? पण बांधलेली व्हती."

आबा पंचशीलाकडं वळले. "तू बांधलीस?" तिनं मान हलवली. "गाठ नीट मारलीस?" ती आपल्या हातांकडं बघत राहिली. मी आईच्या मागं उभी होते, चार हातांवर. आईनं ते दावं उचललं, बोटांनी चाचपलं — ना तुटलं होतं, ना उसवलं होतं — आणि खाली ठेवलं. तिला काय कळलं मला ठाऊक नाही. त्यानंतर तिनं मला कधी राखणीला बसवलं नाही, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांबडी शेळी आमच्या दारात बांधलेली होती. गयाबाईनं स्वतः आणून बांधली, कुणाशी न बोलता गेली. आबांनी तिला कातायला लोकर देणं बंद केलं, आणि आबांनी बंद केलं म्हटल्यावर गल्लीतल्या इतरांनीही केलं. त्या शेळीचं दूध ती स्टँडवरच्या हॉटेलात घालायची आणि त्यातून पंचशीलाच्या वह्या व्हायच्या. दिवाळीच्या आत त्या मायलेकी गाव सोडून नायगावकडं गेल्या, पंचशीलाच्या मामाच्या गावी. वर्गात तिची जागा रिकामी झाली. मी सरकून तिथं बसले, कारण तिथून फळा चांगला दिसायचा.

आणि दूध — ते दूध त्यानंतर आम्ही प्यालो. मीही प्याले. रोज.

आबांची घोंगडी प्रदर्शनाला गेली नाही. आमचं जे नुकसान झालं ते माझ्यामुळं, तेही कुणाला कळलं नाही. पण त्याचं मला फार वाटत नाही. घरचं होतं, घरात गेलं.

तर मी त्या म्युझियममध्ये दगडावर बसले होते, हातात काठी. बाया माग बघायला पुढं गेल्या होत्या. सूत कातणाऱ्यांतली एक बाई उठून शेळीपाशी आली, तिनं दावं सोडलं, शेळीला सावलीत नेलं आणि परत बांधायला लागली. मी तिचे हात बघत होते. तीच गाठ. पण गाठ मारून झाल्यावर तिनं सुटं शेपूट वळवून आत खोचलं. मग दावं ओढून बघितलं. मग परत एकदा ओढून बघितलं.

ती माझ्याकडं वळली. "मॅडम, उन्हात नका बसू—" म्हणता म्हणता थांबली. माझ्या तोंडाकडं निरखून बघितलं. "तुमी सनगराच्या सुमन न्हाई का?"

मी हो म्हणाले.

"सुमे! अगं मी पंचशीला. गयाबाईची."

ती खाली बसली, माझ्या गुडघ्यावर हात ठेवून. केस पांढरे, पुढचा एक दात नाही, हसणं तेच. भराभर सांगत सुटली. इथं कसं काम मिळालं, सून नर्स आहे, नात इंग्लिश शाळेत जाते. माय जाऊन पाच वर्षं झाली. सोमवार सोडून रोज इथं येते. मी हूं हूं करत होते. मग ती ताण्याकडं बघून म्हणाली, "एक सांगू का? लई वर्षं मनात हाय. तुझ्या बापाचा ताणा माझ्यामुळं गेला गं."

मी हातातली काठी खाली ठेवली.

"माय मरूस्तोर म्हणायची, शेळी बांधलेली व्हती, बांधलेली व्हती. लोकांस्नी सांगायची. मी कवाच काही बोलले न्हाई. कारण बांधली मी व्हती ना. घाईत शेपूट लांब सोडलं असंल म्या, अन् तिनं तोंडात धरून वढलं. दुसरं कसं सुटंल? ती गाठ अशी सुटतच न्हाई." तिनं शेळीकडं बोट केलं. "तवापासून शेपूट आत खोचते बघ. सून हसती मला. पिशवीचं तोंड बांधलं तरी दोनदा वढून बघते."

तुम्हाला वाटत असेल, आता मी सांगितलं असेल. दुसरं कुणी नव्हतं जवळ. एक वाक्य होतं. गाठ मी सोडली — तीन शब्द. शाळेत कुठल्याही पोरीला म्हणता येतील असे.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जाऊ दे गं. लेकरं होतो आपण. आमच्या मनात कधीच काही नव्हतं."

मी तिला माफ केलं.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. पदरानं पुसत म्हणाली, "बरं वाटलं बघ. लई बरं वाटलं. माय असती तर तिला सांगितलं असतं, सुमी भेटली व्हती, तिच्या मनात काही न्हाई." मग उठून आत गेली, भाजलेले चिंचोके घेऊन आली आणि माझ्या ओंजळीत घातले. ओंजळीत — वरून.

शबाना कधी मागं येऊन उभी राहिली होती मला कळलं नाही. शेवटचं तेवढं तिनं ऐकलं होतं. परतीच्या गाडीत तिनं सगळ्यांना सांगितलं. "आपल्या मॅडमचं मन बघा किती मोठं हाय. त्या बाईनं यांच्या वडलांचं एवढं नुकसान केलं, पण एक शब्द न्हाई." बाया माझ्याकडं कौतुकानं बघत होत्या. मी खिडकीकडं तोंड करून चिंचोके चघळत होते. फेकता येत नव्हते, सगळ्या बघत होत्या.

याला वर्ष होऊन गेलं. नांदेडहून कंधारची बस सारखी असते. मी कामासाठी त्या रस्त्यानं दोनदा जाऊन आले, दोन्ही वेळा सोमवार नव्हता. गाडी थांबवली नाही. कारणं माझ्याकडं होती, पण ती इथं देत नाही. दिली तर तुम्हाला पटतील, इतकी चांगली आहेत.

गयाबाई खरं बोलत होती आणि तिच्या स्वतःच्या लेकीनं तिच्यावर विश्वास ठेवला नाही. ती तशीच गेली. त्याला आता काही करता येत नाही. लेक अजून आहे. आज मंगळवार आहे, म्हणजे आत्ता ती तिथं असेल. शेळी उन्हातून सावलीत नेत असेल, गाठ मारत असेल, शेपूट आत खोचत असेल, एकदा ओढून बघत असेल, आणि परत एकदा.

तिची गाठ पक्की होती. सुटली नव्हती. मी सोडली.